हातोहात चालत आलेली जास्वंद

फुलांच्या राज्यातही मानपान असतात. गुलाब फुलदाणीत विराजमान होतो, निशिगंध वेदीवर चढतो, मोगरा आयाबहिणींच्या केसांत मिरवतो. जास्वंदीला यांपैकी एकही जागा लाभलेली नाही. रूप राजस, आकार तळहाताएवढा, रंग दुरून नजर वेधून घेणारा. पण सुगंध नाही आणि आयुष्य अवघ्या एका दिवसाचे. सकाळी उमललेले फूल सायंकाळच्या मिस्सापर्यंत मिटून जाते. म्हणून वेदी सजविणाऱ्या भगिनी या फुलाच्या वाटेला फारशा जात नाहीत. तरीही आमच्या वसईत असे घर विरळाच, ज्याच्या कुंपणाशी किंवा विहिरीच्या काठी एखादी लाल जास्वंद उभी नव्हती.

आमच्या घरी ती आजीने आणली. शेजारच्या काकूंकडून मागून आणलेली करंगळीएवढी फांदी तिने मोरीच्या पाण्याच्या पाटाकडेला खोचली आणि पावसाने तिला आपली म्हटले. काकूंच्या घरी ती फुले गणपतीला वाहिली जात. आजी मात्र पाच पाकळ्यांच्या त्या लाल फुलात प्रभू येशूच्या पाच जखमा पाहत असे आणि उपवासकाळात आम्हां मुलांना फूल उलगडून दाखवीत असे. एकाच झाडाची फुले दोन घरांत दोन अर्थांनी फुलत होती. त्यात कोणालाही काही विपरीत वाटत नव्हते. भाद्रपदात काकूंच्या घरची मुले परडी घेऊन आली की आजी उंचावरच्या फांद्या स्वतः वाकवून देई.

या फुलाने वसईच्या अनेक ख्रिस्ती घरांना चार पैसेही मिळवून दिले आहेत. आदल्या दिवशी खुडलेली मिटलेली कळी दुसऱ्या सकाळी आपोआप उमलते, हा जास्वंदीचा विशेष. त्यासाठी तिला पाण्याचीही गरज लागत नाही. म्हणूनच कळ्यांचे पुडके बांधायचे, पहाटेची लोकल गाठायची आणि दादरच्या फूलबाजारात माल उतरवायचा, हा क्रम आमच्याकडच्या कित्येक माउल्यांनी वर्षानुवर्षे पाळला. कोणाच्या तरी देव्हाऱ्यात उमलणारे ते फूल एखाद्या ख्रिस्ती माउलीने कंदिलाच्या उजेडात मोजलेले असे.

वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियस याने 1753 साली या झाडाला हिबिस्कस रोझा-सायनेन्सिस, म्हणजे चीनचा गुलाब, असे नाव दिले. मलेशियाने 1960 साली याच फुलाला राष्ट्रीय फुलाचा मान दिला. आपल्या स्वयंपाकघरातील भेंडी आणि अंबाडी हे जास्वंदीचे सख्खे नातलग, तर कापूस हाही त्याच कुळातला. भेंडीचे फूल नीट पाहिले की हे नाते सांगावे लागत नाही. परंतु या सर्व माहितीत आम्हांला मोलाची वाटते ती एक गोष्ट. ही जास्वंद रानात आपोआप वाढलेली कोठेही आढळत नाही. ती माणसाच्या अंगणातच सापडते. आपल्याकडच्या साध्या लाल जास्वंदीला बीही क्वचितच धरते. वाऱ्याने, पाखरांनी तिचा वंश पसरत नाही. कोणीतरी फांदी तोडून द्यावी आणि कोणीतरी ती मातीत लावावी, तेव्हाच ती पुढे जाते. शिवाय फांदीपासून झालेले झाड हे मूळ झाडाचे अपत्य नव्हे, तर तेच झाड असते. काकूंच्या दारातली आणि आमच्या पाटाकडेची जास्वंद ही एकच काया होती, दोन अंगणांत वाटलेली.

या गोष्टीचा अर्थ आम्हांला उशिरा कळला. 2009 साली आमच्या भागात महानगरपालिका आली. वाड्यांच्या जागी इमारती उभ्या राहण्याचा वेग वाढला. पुढे चार वर्षांनी आमच्या घरची वाटणी झाली. मधल्या विहिरीपासून पूर्वेकडचा तुकडा धाकट्या बंधूंच्या वाट्याला गेला आणि आजीची जास्वंद त्या तुकड्यात होती. बंधूंनी तेथे इमारत बांधायला दिली. तो त्यांचा अधिकार होता. त्यांच्या संसाराच्या गरजाही खऱ्या होत्या. तरी वाटणीच्या बोलण्यात दोन्हीकडून शब्द वाढले आणि त्यानंतर आमच्यात केवळ कागदापुरते बोलणे उरले. रविवारी एकाच मिस्साला आम्ही दोन बाकांवर बसत असू.

जमीन साफ होण्यापूर्वी, मृगाच्या पहिल्या सरी पडल्यावर, आम्ही उभयतांनी त्या झाडाच्या बारा फांद्या कापून आणल्या. पाच जगल्या. मूळ झाड त्याच आठवड्यात गेले. आज आमच्या अंगणात त्यांपैकी तीन झाडे पुरुषभर उंच उभी आहेत.

वाचकांपैकी कोणाला हे झाड लावावयाचे असेल, तर आमचा अनुभव येथे नमूद करतो. पावसाळ्याचा आरंभ हा उत्तम काळ. फांदी फार कोवळी नको, फार जून नको. पेन्सिलीएवढ्या जाडीची, सहा ते आठ इंच लांबीची घ्यावी. डोळ्याच्या किंचित खाली धारदार सुरीने तिरका काप द्यावा, वरची दोन पाने ठेवून बाकीची काढावीत, आणि रेती व माती सारखी मिसळून तीत फांदी खोचावी. माती ओलसर असावी, चिखल नको. चार ते सहा आठवड्यांत मुळे धरतात. या काळात मुळे आली का हे पाहण्यासाठी फांदी उपटण्याचा मोह आवरावा.

कायमच्या जागेसाठी दीड फूट लांब, रुंद व खोल खड्डा पुरे. त्यात चांगले कुजलेले शेणखत व पालापाचोळा घालावा. दिवसातून निदान सहा तास ऊन मिळाले पाहिजे. सावलीत झाड हिरवेगार होते, पण फूल देत नाही. उन्हाळ्यात पाणी नियमाने घालावे. चार दिवस कोरडे आणि पाचव्या दिवशी तुडुंब असे केले, तर कळ्या उमलण्याआधीच गळून पडतात. आमच्याकडे टँकरच्या उपशाने काही विहिरींचे पाणी मचूळ झाले आहे. अशा पाण्याने पानांच्या कडा करपतात. तेथे पावळीचे पाणी साठवून वापरणे बरे. ज्यांना अंगण नाही, त्यांनी बारा इंची कुंडी गच्चीत ठेवावी. जास्वंद कुंडीतही तक्रार करीत नाही.

छाटणीची मात्र भीती बाळगू नये. जास्वंदीला फूल येते ते नव्या फुटव्यावर. जुन्या फांद्या तशाच राखल्या, तर झाड उंच होत जाते आणि फुले शेंड्यालाच राहतात. थंडी सरल्यावर, फेब्रुवारीच्या सुमारास, एकतृतीयांश झाड हलके करावे. आम्ही हे काम बहुधा उपवासकाळाच्या तोंडाशी करतो. आजीच्या वेळेपासून तो दिवस तसा ठरून गेला आहे.

जास्वंदीचा खरा वैरी म्हणजे पांढरा पिठ्या ढेकूण. शेंड्यावर कापूस चिकटल्यासारखा दिसतो, पाने आक्रसतात, आणि मुंग्यांची रांग लागते. मुंग्या त्याचा गोड द्रव खातात आणि त्या बदल्यात त्याला सांभाळतात. सुरुवातीलाच पाण्याचा जोरदार फवारा मारावा. न हटल्यास एक लिटर पाण्यात चहाचा एक चमचा कडुनिंबाचे तेल व थोडे साबणाचे पाणी घोटून सायंकाळी फवारावे. येथे एक सावधगिरी सांगावीशी वाटते. क्रिप्टोलेमस नावाचा एक लहानसा काळा भुंगेरा या ढेकणांवरच जगतो. द्राक्षबागाईतदार त्याला मुद्दाम बागेत सोडतात. त्याची अळी दिसायला हुबेहूब पिठ्या ढेकणासारखी, पांढऱ्या लोकरीत गुंडाळलेली. फक्त आकाराने मोठी आणि चपळ. शत्रू समजून तिला चिरडू नये. ती आपल्याच बाजूने लढत असते.

आता थोडे घरातले. बंधूंची इमारत पूर्ण झाली आणि ते तिसऱ्या मजल्यावर राहावयास गेले. दोन पावसाळे असेच गेले. तिसऱ्या पावसाळ्यात एका दुपारी पुतणी दारात येऊन उभी राहिली. म्हणाली, “मोठे काका, पप्पा विचारतात, आजीच्या झाडाची एक फांदी मिळेल का? गॅलरीत लावायची आहे.” आमच्या सौभाग्यवतीने तिला आत घेतले, खायला दिले. आम्ही तोवर तीन फांद्या निवडून ओल्या फडक्यात बांधल्या. फांदी तिच्या हाती देता आली असती. पण लावावी कशी हे समजावून सांगणे आवश्यक होते, या निमित्ताने आम्ही स्वतःच जिना चढलो. बंधूंनी कुंडी आधीच आणून ठेवली होती. त्या दुपारी आम्ही दोघांनी वाटणीविषयी चकार शब्द काढला नाही. रेती किती, माती किती, एवढेच बोललो. पण पुष्कळ दिवसांनी बोललो.

सर्व काही पूर्ववत झाले, असा दावा आम्ही करणार नाही. दोन गोष्टींवर आमचे आजही एकमत नाही. परंतु गतवर्षी नाताळच्या सकाळी त्यांच्या गॅलरीत चार फुले उमलली होती आणि ती पाहावयास त्यांनी आम्हांला बोलावले. खाली गाड्यांसाठी फरशी घातली आहे, तेथेच कोठेतरी मूळ झाड होते. तेच झाड आता तीन मजले वर उभे होते.

रानफुलांकडे पाहा, असे प्रभूने आपल्या शिष्यांना सांगितले. ती फुले कष्ट न करता वाढतात. जास्वंद त्यांतली नव्हे. तिला कोणाचा तरी हात लागतो, देणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचाही. तिचे फूल सांजेला मिटते याची हळहळ आम्हांला आता वाटत नाही, कारण दुसऱ्या दिवसाची कळी तोवर तयार असते. येत्या पावसाळ्यात ज्यांच्या दारी जास्वंद आहे त्यांनी एखादी फांदी कोणाला तरी नेऊन द्यावी. ज्यांच्याकडे नाही, त्यांनी मागण्यात संकोच बाळगू नये. आणि देताघेताना, जमल्यास, ज्याच्याशी बोलणे थांबले आहे त्याचे दार आधी ठोठवावे.