लबलबा

उर्दू माध्यमाच्या वर्गात पचनसंस्था शिकवताना 'लबलबा' हा शब्द आला की मुली हमखास हसतात. मराठीत त्याला स्वादुपिंड म्हणतात. जठराच्या मागे आडवा पडलेला, जेमतेम वीतभर लांबीचा अवयव. त्याचे डोके लहान आतड्याच्या वळणात, तर शेपूट डाव्या बाजूला तिल्लीपर्यंत, म्हणजे प्लीहेपर्यंत गेलेले. फळ्यावर मी तो कितीदा तरी काढला आहे. पण हा एवढासा अवयव एका घराची झोप कशी उडवतो, ते २०२२ साली कळले.

त्या वर्षी बकरी ईदच्या दुसऱ्या रात्री माझ्या थोरल्या बहिणीच्या, आपाच्या पोटात कळ उठली. बेंबीच्या वर सुरू होऊन थेट पाठीत जाणारी. आडवे झाले की वाढायची, उशी पोटाशी धरून पुढे वाकले की जरा कमी व्हायची. घरच्यांना वाटले, कुर्बानीचे मटण बाधले. दुल्हाभाईंनी पहाटे रिक्षा करून तिला सोलापुरातल्या एका दवाखान्यात नेले. रक्तात लायपेज अनेक पटींनी वाढलेले होते. स्वादुपिंडाला सूज, म्हणजे पॅनक्रियाटायटिस. तोंडाने पाणीही बंद, नुसते सलाईन.

या दुखण्याची दोन मोठी कारणे, पित्ताशयातले खडे आणि दारू. सोनोग्राफीत खडे नव्हते. मग तरुण डॉक्टरांनी भरल्या वॉर्डात विचारले, "दारू घेता का?" बुरख्यातली आपा त्यांच्याकडे बघतच राहिली. दुल्हाभाई म्हणाले, "डॉक्टरसाब, हमारे घर में तो सोडा भी नै पीते."

डॉक्टरांचा प्रश्न चूक नव्हता. तो विचारायलाच हवा, बुरखा पाहून गाळला असता तर ती हयगय झाली असती. पण तो जरा हळू विचारता आला असता. शेजारच्या खाटेवर आमच्याच मोहल्ल्यातली एक बाई होती. आठ दिवसांत आपा घरी येण्याआधी बातमी घरी आली की हा आजार पिणाऱ्यांना होतो. आपाच्या सासूबाई तोंडाने काही बोलल्या नाहीत. पण आपाच्या दुखण्याविषयी कोणी विचारले की विषय बदलू लागल्या. घरोघरी जाऊन मुलांना कुरआन शिकवणारी माझी आपा. दोन घरांनी शिकवणी बंद केली. कारण कुणीच सांगितले नाही.

ऑक्टोबरात दुसरा झटका आला, डिसेंबरात तिसरा. मी तिला समजावून सांगायचे. स्वादुपिंड अन्न पचवणारे रस तयार करते, पण ते झोपलेल्या अवस्थेत. आतड्यात पोहोचल्यावर ते जागे व्हायचे असतात. नळीचा रस्ता दबला की ते ग्रंथीतच जागे होतात आणि जिथे जन्मले तिलाच पचवू लागतात. आपा म्हणाली, "मगर रस्ता कौन दबा रहा है, ये तो कोई बोलताच नै."

तिसऱ्या झटक्यात सीटी स्कॅनमध्ये स्वादुपिंडाच्या शेपटाकडे चार सेंटिमीटरची पाण्याची गाठ दिसली. आम्हाला सांगण्यात आले की सुजेनंतर अशी खोटी गाठ होते, काही आठवड्यांत आपोआप जिरेल. जिरली नाही.

जानेवारी २०२३ मध्ये आम्ही पुण्याला गेलो. शिक्षकाला कागद जपायची सवय असते; जुलैपासूनची प्रत्येक चिठ्ठी माझ्या फाईलमध्ये तारीखवार होती. तिथल्या सर्जननी नवे स्कॅन बाजूला ठेवून पहिल्या दिवसाची सोनोग्राफी मागितली. तिच्यात शेवटी एक ओळ होती, शेपटाजवळ पाण्याची सावली दिसते. ते म्हणाले, "खोटी गाठ तयार व्हायला साधारण चार आठवडे लागतात. ही तर पहिल्याच दिवशी होती. म्हणजे सुजेमुळे गाठ झालेली नाही, गाठीमुळे सूज येतेय."

पुढे एंडोस्कोपीच्या नळीतून जठराच्या भिंतीपलीकडे सुई घालून गाठीतले पाणी काढले. ते चिकट होते आणि त्यात सीईए नावाचा घटक बराच वाढलेला होता. ही म्युसिनस जातीची गाठ. आज कर्करोग नाही. पण ठेवली तर पुढे होऊ शकतो. बहुधा चाळिशी-पन्नाशीच्या बायकांत आढळते. आपा एक्केचाळीसची.

याआधी एका डॉक्टरांनी अर्धे स्वादुपिंड आणि तिल्ली दोन्ही काढायचे सांगितले होते. तिल्लीची शीर आणि धमनी स्वादुपिंडाला चिकटूनच जातात, म्हणून पूर्वी दोन्ही एकदम काढणे सोपे पडे. पण तिल्ली गेली की न्यूमोकॉकससारख्या काही जंतूंशी लढायची ताकद जन्मभरासाठी घटते. पुण्याच्या सर्जननी कागदावर काढून दाखवले की दोन मार्ग आहेत. अमेरिकेतल्या वॉर्शॉ यांनी १९८८ साली मांडलेला, मोठ्या रक्तवाहिन्या कापूनही जठराकडून येणाऱ्या बारीक वाहिन्यांवर तिल्ली जगवायची. दुसरा जपानच्या किमुरा यांचा, १९९६ चा, त्या वाहिन्याच एकेक फांदी बांधत स्वादुपिंडापासून सोडवायच्या. हे वेळखाऊ, पण तिल्लीचा रक्तपुरवठा शाबूत. कर्करोगाची शंका असती तर मात्र हा विचारच करता आला नसता. तेव्हा आसपासच्या गाठींसकट सगळे काढावे लागते.

आमच्या मनात आणखी एक भीती होती. अम्मी मधुमेहाने गेली. इन्सुलिन बनवणारी बेटे, लँगरहॅन्सने १८६९ साली पहिल्यांदा वर्णन केलेली, शेपटाकडे दाट असतात. जितका तुकडा जास्त जाईल तितकी साखर होण्याची शक्यता जास्त. सर्जन म्हणाले, "गाठीपुरतेच कापतो. बाकीचे तुमचे तुम्हाला."

तरीही ऑपरेशनच्या दोन आठवडे आधी तीन लसी दिल्या. वाहिनी फाटलीच तर तिल्ली काढावी लागेल, त्याची तयारी. आपाला तिल्ली ठाऊक होती, ईदला वाटे करताना हाताखालून जाणारी. तिने विचारले, "मेरी रहेगी ना?"

पैशांचे थोडक्यात सांगते. धर्मादाय रुग्णालयांना दहा टक्के खाटा निर्धनांसाठी आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखाव्या लागतात. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला घेऊन मी समाजसेवा विभागात तीन दिवस बसले. यंत्रमागावर टॉवेल विणणाऱ्या दुल्हाभाईंना एरवी ते झेपलेच नसते. आमच्या लोकांना हा नियम ठाऊक नसतो. विचारल्याशिवाय कोणी सांगतही नाही.

फेब्रुवारीत ऑपरेशन झाले. पाच तास. तिल्ली राहिली.

पण कापलेल्या टोकातून रस झिरपू लागला. या शस्त्रक्रियेत हा धोका असतोच. पोटातून काढलेली रबरी नळी आणि पिशवी घेऊन आपा घरी आली. बुरख्याखाली पिशवी, हातात तसबीह. तीन आठवड्यांनी झिरपणे थांबले, नळी निघाली. तोवर रमजान दहा दिवसांवर आलेला. डॉक्टरांनी त्या वर्षी रोजे ठेवायला साफ मनाई केली.

गाठीच्या तपासणीचा अहवाल मी तिला वाचून दाखवला. कर्करोग नाही. या गाठीच्या भिंतीत बीजांडकोशासारखा पेशीथर असतो, तोच तिची ओळख. आपा बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "औरतों की बीमारी थी, और पूछे दारू का." त्या संध्याकाळी तिने सासूबाईंना तो कागद दिला. त्यांना इंग्रजी येत नाही. त्यांनी तो घडी घालून आपल्या पेटीत, निकाहनाम्यांच्या कागदांत ठेवला.

बंद झालेल्या दोन शिकवण्यांपैकी एक परत आली. झटका पुन्हा आलेला नाही. साखर दर सहा महिन्यांनी तपासतो, अजून आवाक्यात आहे. २०२३ च्या रमजानचे एकोणतीस रोजे तिच्या अंगावर होते. डॉक्टरांना विचारून, दिवस लहान असतात म्हणून ती ते हिवाळ्यात फेडते आहे. कॅलेंडरवर खुणा करते. सतरा झाले आहेत.