वर्ध्याचे खानखोजे: एका हरवलेल्या पित्याचा माग

मेक्सिको शहरातील शिक्षण मंत्रालयाच्या भिंतीवर डिएगो रिव्हेराचे एक भित्तिचित्र आहे. ‘आपली भाकरी’ अशा अर्थाचे त्याचे नाव. मेजाभोवती निरनिराळ्या वंशांची माणसे बसली आहेत आणि एक सावळा पुरुष सर्वांसाठी पाव मोडतो आहे. तो पुरुष पांडुरंग सदाशिव खानखोजे म्हणून ओळखला जातो. जन्म वर्ध्याचा, १८८४ चा.

वर्धा म्हटले की आज सेवाग्राम आठवते. खानखोजे ज्या वर्ध्यात वाढले, ते त्यापूर्वीचे. शिक्षणासाठी नागपूर, मग टिळकांचा सल्ला आणि विशीतच परदेशगमन. जपानमार्गे ते अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर उतरले. तेथे त्यांनी दोन विद्या एकाच वेळी मिळविल्या. कॅलिफोर्नियातील माउंट तमालपाइस येथे सैनिकी शिक्षण, आणि ओरेगन व वॉशिंग्टन राज्यांतील महाविद्यालयांत शेतीशास्त्र. ज्या १९१३ साली शेतीची पदवी हाती आली, त्याच साली गदर चळवळ उभी राहिली. तिच्या संस्थापकांत ते होते.

येथून माग काढणे अवघड होते. पहिले महायुद्ध पेटताच ते इराण व बलुचिस्तानात ब्रिटिशांविरुद्ध लढावयास गेले. पकडले गेले, निसटले, वेगळ्या नावांनी वावरले. ज्याला स्वतःचे नाव लपवावे लागते, त्याची वंशावळ कोण लिहिणार? घरी काय कळत असेल, याची कल्पनाच करावी. पुढे बर्लिन, १९२१ मध्ये वीरेंद्रनाथ चट्टोपाध्यायांच्या शिष्टमंडळासह मॉस्को, आणि १९२४ मध्ये मेक्सिको. कॅलिफोर्नियात असताना तेथील क्रांतिकारकांशी झालेल्या ओळखी आता कामास आल्या.

चापिंगोच्या राष्ट्रीय कृषी विद्यालयात ते प्राध्यापक झाले. मका, गहू यांच्या सुधारित वाणांवर संशोधन केले आणि गरीब शेतकऱ्यांसाठी मुक्त कृषिशाळा काढल्या. छायाचित्रकार टीना मोदोत्तीने त्यांच्या मक्याच्या कणसांची छायाचित्रे टिपली. बंदूक हाती धरलेल्या माणसाची ही दुसरी ओळख पहिलीइतकीच खरी आहे, किंबहुना अधिक टिकाऊ.

१९३६ मध्ये त्यांनी बेल्जियन जान सिंदिक हिच्याशी विवाह केला. त्याच वर्षी गांधीजी वर्ध्याजवळच्या सेगावी राहावयास गेले. ज्या गावाने या मुलाला घडविले, त्याचे नाव आता अहिंसेशी जोडले जात होते, आणि तो मुलगा समुद्रापलीकडे संसार मांडीत होता. सावित्री आणि माया या त्यांच्या दोन मुली. परक्या मुलखात जन्मलेल्या लेकीचे नाव सावित्री ठेवणाऱ्या माणसाने मनातून वर्धा सोडले नव्हते, एवढे तरी म्हणता येईल.

स्वातंत्र्य आले तरी दार लगेच उघडले नाही. ब्रिटिशांच्या काळ्या यादीतील त्यांचे नाव स्वतंत्र भारताच्या दप्तरातही तसेच राहिले होते आणि परतीचा अर्ज प्रथम नाकारला गेला. ज्यांच्याविरुद्ध लढले, त्यांची यादी स्वकीयांनीच पुढे चालवावी, यासारखी चटका लावणारी गोष्ट या चरित्रात दुसरी नाही. अखेर १९५५ मध्ये, सत्तरीच्या उंबरठ्यावर, ते पत्नी व मुलींसह परतले आणि नागपुरास स्थायिक झाले.

१९६६ मध्ये भारताने मेक्सिकोहून १८,००० टन गव्हाचे बियाणे मागविले. ते बोरलॉग यांच्या संशोधनातून आलेले होते, खानखोज्यांचे नव्हे. तरी ज्या मातीत त्यांनी तीन दशके घालविली, तिचेच बियाणे इकडे येत होते. १९६७ मध्ये खानखोजे गेले.

मग मागे राहिलेल्यांनी शोध आरंभिला. सावित्री सावनी यांनी वडिलांचे चरित्र इंग्रजीत लिहिले. त्याच्या नावाचा अर्थ ‘मी कधीही माफी मागणार नाही’ असा आहे. मराठीत वीणा गवाणकरांनी त्यांच्यावर ग्रंथ लिहिला. २०२२ साली चापिंगोत त्यांचा पुतळा उभा राहिला, लोकसभा अध्यक्षांच्या हस्ते त्याचे अनावरण झाले. चापिंगोच्या मळ्यांपासून वर्धा तेव्हाही तितकेच दूर होते.