यादी कुणाची?

गेमिंगचा पीसी बांधायचा की तयार घ्यायचा, या प्रश्नाला यूट्यूबवर दोनच टोकं असतात. एकीकडे सुटे भाग मागवून स्वतः पीसी जोडणारे, दुसरीकडे तयार पीसी घेऊन खोका फोडला की खेळायला बसणारे. आपल्याकडे या दोहोंच्या मधला रस्ता पहिल्यापासून रुळलेला आहे. भाग आपण निवडायचे, एकाच दुकानातून घ्यायचे आणि दुकानातल्या पोराने तिथेच काउंटरवर जोडून द्यायचे. नव्वदच्या दशकात मध्यमवर्गीय घरांत आलेले पुष्कळसे कॉम्प्युटर असेच 'असेंबल' करून आलेले होते. म्हणून 'बांधू की घेऊ' असं विचारणाऱ्या भाच्याला मी उलट विचारतो : यादी कोण करणार?

०

मुंबईत सुटे भाग घ्यायला लॅमिंग्टन रोड. पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, पण टॅक्सीवाल्यापासून दुकानदारापर्यंत सगळ्यांच्या तोंडी जुनंच नाव. ग्रँट रोड स्टेशनात उतरलं की चालत. रविवारी बहुतेक दुकानं बंद. दिल्लीकरांचं नेहरू प्लेस, बंगळुरूचा एस. पी. रोड आणि चेन्नईची रिची स्ट्रीट ही याचीच भावंडं.

इथे तीन दुकानांत चौकशी केली की तीन कोटेशनं हातात पडतात आणि तिन्ही जवळपास सारखीच वाचली जातात : 'आय सेव्हन, सोळा जीबी रॅम, चार जीबी ग्राफिक्स, आरजीबी कॅबिनेट.' यात खोटं काही नसतं आणि कामाचंही काही नसतं. आय सेव्हन कुठल्या पिढीचा? २०११ साली आलेला आय सेव्हन २६०० हाही आय सेव्हनच. त्याचे चार कोअर. २०२२चा आय फाइव्ह १२४०० सहा कोअरचा आहे आणि खेळात त्या जुन्या 'सेव्हन'ला सहज मागे टाकतो. आकडा लहान म्हणून मुलासोबत आलेल्या वडिलांना मात्र तो कमी वाटतो.

'चार जीबी ग्राफिक्स' हा तर खास सापळा. २०१४चं जीटी ७३० हे कार्ड चार जीबीत मिळतं, २०१९चं जीटीएक्स १६५०ही चार जीबीचं. पहिलं दोन मॉनिटर चालवायला ठीक, त्यावर आजचा मोठा गेम सुरू करणं म्हणजे छळ. दुसऱ्यावर व्हॅलोरंटसारखा गेम छान चालतो. कोटेशनवर दोघंही एकाच ओळीत, एकाच शब्दांत बसतात. ऑनलाइन विक्रीच्या साइटवर निळ्या-जांभळ्या दिव्यांचे जे स्वस्त 'गेमिंग पीसी' दिसतात, त्यांतल्या कित्येकांत असंच जुनं कार्ड बसवलेलं असतं. काचेतून दिवे दिसतात, मॉडेल नंबर दिसत नाही.

०

दुकानातला नेहमीचा संवाद.

आई : 'दादा, हा अभ्यासालाही चालेल ना?'

दुकानदार : 'ताई, अभ्यासाला पळेल!'

मुलगा खाली मान घालून मोबाइलमध्ये बघतो. अभ्यासाला त्याच्या निम्म्या किमतीचा पीसीही पळाला असता हे त्या जागी तिघांनाही ठाऊक असतं.

०

वेगवेगळ्या कंपन्यांचे भाग एकमेकांत बसतात कसे, हा प्रश्न मुलांना पडत नाही, पडायला हवा. १२ ऑगस्ट १९८१ला आयबीएमने आपला पीसी आणला तो घाईत, बाजारात मिळणारे भाग घेऊन, आणि त्याची तांत्रिक माहितीही छापून दिली. नकला करणाऱ्यांचं फावलं आणि त्यातून सुट्या भागांचा बाजार उभा राहिला. १९९५ला इंटेलने एटीएक्स हे माप ठरवून दिलं. बोर्डाची स्क्रूची भोकं कुठे, एसएमपीएसचा, म्हणजे वीज पुरवणाऱ्या डब्याचा, आकार केवढा, मागची पोर्टं कुठल्या खिडकीतून बाहेर येणार, हे सगळं त्यात आलं. एका कंपनीच्या कॅबिनेटात दुसरीचा बोर्ड आजही निमूटपणे बसतो तो यामुळे.

मोठ्या कंपन्यांचे काही तयार पीसी मात्र हे माप पाळत नाहीत. बोर्ड त्यांच्या आकाराचा, एसएमपीएस त्यांच्या आकाराचा, पिनाही वेगळ्या. वॉरंटीत असेपर्यंत काही बिघडत नाही. चार वर्षांनी एसएमपीएस जळाला की बाजारात मिळणारा एकही त्यात बसत नाही, आणि मोठं कार्ड टाकावं म्हटलं तर जागाही नसते. तयार पीसी घेताना 'बोर्ड आणि एसएमपीएस स्टँडर्ड एटीएक्स मापाचे आहेत का?' एवढं विचारलं तरी विक्रेत्याचा चेहरा बरंच काही सांगून जातो.

०

एसएमपीएसबद्दल सविस्तर लिहितो, कारण काटकसर करणारा पहिला हात मारतो तो इथेच. गेममध्ये त्याने एकही फ्रेम वाढत नाही, जाहिरातीत त्याचा फोटो नसतो. कॅबिनेटसोबत 'फुकट' आलेला, हातात घेतला तर खेळण्यासारखा हलका लागणारा एसएमपीएस बसवून दिला तर गिऱ्हाइकाला पत्ता लागत नाही.

त्याच्या अंगावरचं लेबल वाचायला शिका. वर मोठ्या अक्षरांत ५०० वॅट लिहिलेलं असतं, ते सोडून द्या. खालच्या तक्त्यात +१२ व्होल्टचा रकाना शोधा. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड मुख्यतः याच लाइनवर जगतात. तिथे २५ अँपिअर लिहिलं असेल तर बारा गुणिले पंचवीस, म्हणजे ३०० वॅट. गेमिंगच्या कामाला तेवढाच खरा. उरलेले दोनशे वॅट लेबलावर नांदतात. आता बेरीज करा : आरटीएक्स ३०६० कार्डाला १७० वॅट, रायझन ५ ५६०० प्रोसेसरला कागदावर ६५, शिवाय बोर्ड, पंखे, डिस्क, आणि क्षणभर उसळणारी मागणी वेगळीच. चांगल्या कंपनीच्या ५५० वॅटच्या एसएमपीएसवर हे सगळं निवांत चालतं.

'८० प्लस ब्राँझ' हा शिक्का चांगला, पण तो फक्त वीज किती वाया जाते याची साक्ष देतो. शॉर्ट सर्किट झालं तर एसएमपीएस तुमचं कार्ड वाचवेल का, याबद्दल तो शिक्का काही बोलत नाही.

०

बांधलेला पीसी स्वस्तच पडतो, हे अनेक वर्षं बरोबर होतं. मधल्या दोन प्रसंगांनी ते उलटंपालटं केलं.

पहिला २०२०-२१चा. क्रिप्टो खाणवाल्यांनी ग्राफिक्स कार्डं उचलली, टंचाई झाली, सुटं कार्ड दीडपट-दुप्पट भावाने विकलं जाऊ लागलं आणि कार्डासकट तयार पीसी घेणं शहाणपणाचं ठरलं. १५ सप्टेंबर २०२२ला इथेरियम या क्रिप्टो चलनाने आपली पद्धत बदलली, कार्डांवरची ती खाणकामं थांबली आणि राबून दमलेली कार्डं 'क्वचितच वापरलेली' म्हणून सेकंडहँड बाजारात आली.

दुसरा रॅमचा. २०२५च्या उत्तरार्धात एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरी चिपांची मागणी इतकी वाढवली की घरगुती रॅमचे भाव चढतच गेले. डिसेंबर २०२५मध्ये मायक्रॉनने आपला क्रुशिअल हा ग्राहकांसाठीचा ब्रँड बंद करत असल्याचं जाहीर केलं. आपल्याकडे कित्येकांची पहिली एसएसडी किंवा रॅमची पट्टी याच नावाची असायची. अशा काळात जुन्या भावाने रॅम भरून ठेवलेल्या विक्रेत्याचा तयार पीसी सुट्या भागांच्या बेरजेपेक्षा कमी किमतीत मिळू शकतो.

म्हणून दोन वर्षांपूर्वीचा व्हिडिओ बघून मत बनवू नये. एकाच दिवशी दोन्हीकडचे भाव काढावेत. जीएसटी दोन्हीकडे १८ टक्केच, त्यामुळे तिथे काही वाचत नाही. 'बिलाशिवाय घ्या, कमी करतो' म्हणणाऱ्याकडे वाचतं ते वॉरंटी गमावून.

०

वॉरंटीचा हिशेब कुणी नीट मांडत नाही. तयार पीसीला सहसा एक वर्ष, जास्त पैसे भरले तर तीन. पण फोन एकच करायचा, आणि मोठ्या ब्रँडचा माणूस घरी येतो. सुट्या भागांत प्रोसेसर आणि बोर्डाला साधारण तीन वर्षं, चांगल्या एसएमपीएसला पाच ते दहा, रॅमला त्याहूनही लांब. कागदावर सुटे भाग जिंकले.

पण पीसी सुरूच झाला नाही तर दोष कोणाचा हे शोधायचं काम तुमचं. रॅमवाला म्हणेल बोर्ड बघा, बोर्डवाला म्हणेल एसएमपीएस. मुंबई-पुण्यात सर्व्हिस सेंटरच्या दारात जाता येतं. लातूर किंवा सावंतवाडीहून बोर्ड कुरिअरने पाठवायचा आणि तो परत येईपर्यंत रिकामा कॅबिनेट बघत बसायचं. स्वतः बांधण्याची खरी किंमत ही आहे. मोठ्या शहरापासून लांब राहणाऱ्या, आणि घरात या विषयातलं कुणी नसलेल्या माणसाने चांगल्या ब्रँडचा तयार पीसी, घरी येऊन दुरुस्तीच्या वॉरंटीसह घेतला तर त्याला कुणी हसू नये.

०

जोडण्याची भीती मात्र उगाच आहे. लोक प्रोसेसरला घाबरतात, आणि त्याला तर जोर लागतच नाही. कोपऱ्यातला छोटा त्रिकोण बोर्डावरच्या त्रिकोणाशी जुळवायचा, प्रोसेसर अलगद सोडायचा, तो आपल्या वजनाने बसतो. दाबायचं नाही. एएमडीच्या एएम४ मध्ये पिना प्रोसेसरला असतात, एएम५ आणि इंटेलमध्ये बोर्डाला. पिना जिकडे असतील तिकडे बोट न्यायचं नाही, संपलं.

जोर लागतो तो रॅमला, आणि नेमके तिथेच लोक हळुवार होतात. पट्टीची खाच बघून ती सरळ धरायची आणि दोन्ही अंगठ्यांनी दाबायची. बोर्ड किंचित लवतो, छातीत धस्स होतं, मग 'कट' असा आवाज येऊन टोकाचा खटका आपोआप मिटतो. तो आवाज आला नाही तर पट्टी बसलेली नाही. नव्या पीसीवर पंखे फिरतात आणि पडदा काळाच राहतो, तेव्हा आधी इथे बघावं. चार खाचा असतील तर दोन पट्ट्या प्रोसेसरकडून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत. बोर्डाच्या पुस्तिकेतही बहुधा हेच लिहिलेलं असतं, पण ती खोक्यातच राहते.

०

पहिल्या दिवशीची हमखास तक्रार : 'एवढं कार्ड घेतलं आणि गेम अडकतोय.' मॉनिटरची वायर बोर्डाच्या पोर्टात खोचलेली असते. ती खाली, ग्राफिक्स कार्डाच्या आडव्या पोर्टात लावायची. दुसरी तक्रार १४४ हर्ट्झच्या मॉनिटरची. विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये तो ६० वरच राहिलेला असतो.

०

विंडोजचं लायसन्स ही कोटेशनमधली न लिहिलेली ओळ. ब्रँडच्या तयार पीसीत बहुधा ते किमतीत असतं. दुकानदार 'टाकून देतो' म्हणतो ते काय टाकतो हे विचारावं. विंडोज १०चा सर्वसाधारण सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला, तेव्हा नव्या पीसीवर ११च हवं. बांधलेल्या पीसीच्या बेरजेत लायसन्सची किंमत धरली की 'बांधणं स्वस्त' यातला बराच फरक विरघळतो.

०

वीज. यूट्यूबवरचा परदेशी माणूस याबद्दल बोलत नाही कारण त्याला गरज नाही. यूपीएसवर ६०० व्हीए लिहिलेलं असतं, ते वॅट नव्हेत. त्यातून सुमारे ३६० वॅट मिळतात. गेम चालू असताना दिवे गेले तर तो सेव्ह करून बंद करण्यापुरता वेळ देतो, सामना संपवण्यापुरता नाही.

कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर पीसीला दोष देऊ नका. घराला अर्थिंग नाही किंवा ते तुटलंय. जुन्या चाळींत आणि वाड्यांत हे सर्रास दिसतं. महागडं कार्ड आणण्याआधी वायरमन बोलवा.

०

पितृपक्षात खरेदी टाळणारे अजून पुष्कळ आहेत. तेव्हा दुकानात गर्दी कमी, दुकानदाराला बोलायला वेळ, घासाघीस जमते, म्हणून पीसी तेव्हाच घ्या. मग खंडेनवमीला त्याच पीसीला हळदकुंकू आणि झेंडूचं फूल. फूल पंख्याच्या जाळीपासून लांब ठेवा.

०

होस्टेलला राहणाऱ्यांनी हे सगळं सोडून लॅपटॉप घ्यावा.

०

बाकीच्यांसाठी माझं मत : पहिल्या पीसीची यादी स्वतः करा, मॉडेल नंबरांसकट. जोडायला हौस असेल तर एक आख्खी दुपार मोकळी ठेवा, नसेल तर दुकानदाराकडून समोर उभं राहून जोडून घ्या, त्यात कमीपणा काही नाही. तयार पीसी तेव्हाच, जेव्हा विक्रेता आतल्या प्रत्येक भागाचं मॉडेल लेखी देईल आणि त्याच दिवशीची सुट्या भागांची बेरीज त्याच्या फार खाली नसेल. बिलावर प्रत्येक भाग वेगळा लिहून घ्या, सिरीयल नंबरासह, आणि सुरुवात एसएमपीएसपासून करा. तेवढं लिहायला जो का-कू करेल, त्याच्याकडून माउससुद्धा घेऊ नका.