आबांचं मृत्युपत्र

रविवार, राजारामपुरी. आबांनी स्वतःच मृत्युपत्राचा विषय काढला. "सणासुदीचं कसलं बोलताय?" म्हणत आई उठूनच गेली. मुंबईचा चुलतभाऊ फोनवर प्रोबेटची भीती घालत होता. पण १९२५च्या भारतीय वारसा कायद्यानं हिंदूंच्या मृत्युपत्रांना ती सक्ती मुंबई, कोलकाता, चेन्नईपुरतीच लावली होती. इथलं घर त्यात कधी नव्हतंच. स्टॅम्पपेपर लागत नाही, नोंदणीही ऐच्छिक. दोन साक्षीदार मात्र हवेतच.

खरा घोळ प्रॉपर्टी कार्डावर आहे. तिथं अजून आजोबांचंच नाव, आणि ते काही न लिहिता गेलेले. म्हणजे आत्याही वारस. आबांना स्वतःच्या हिश्श्यापुरतंच लिहिता येईल. दिवाळीच्या साडीत बहिणींचा हक्क फिटला, असं आमच्याकडं सर्रास धरतात. मला ते कधीच पटलं नाही. उद्या आत्याला विचारून मगच वकिलांकडं जायचं ठरलंय. आबा कुरकुरले, पण 'नको' म्हणाले नाहीत.