दवाखान्याचा तास

वेळापत्रकात माझ्या विषयाचं नाव ‘हेल्थकेअर’ असं आहे, पण नववी-दहावीची मुलं त्याला दवाखान्याचा तास म्हणतात. धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्याच्या पश्चिम पट्ट्यातल्या एका सरकारी माध्यमिक शाळेत मी हा विषय शिकवते. त्याआधी जीएनएम ही नर्सिंगची पदविका घेऊन मी खाजगी रुग्णालयात स्टाफ नर्स होते. राष्ट्रीय कौशल्य पात्रता आराखडा २०१३च्या डिसेंबरात आला आणि शाळांमधून व्यवसाय शिक्षणाचे विषय त्याच्या चौकटीत सुरू झाले. ऑटोमोबाइल, रिटेल, ब्युटी अँड वेलनेस, तसंच हेल्थकेअर. नववीला पहिला स्तर, दहावीला दुसरा.

शाळेने मला एक खोली दिली. त्यात एक लोखंडी खाट, एक गादी, गादीवर घालायचं रबरी मॅकिंटॉश, चादरी, सलाइनचा स्टँड, काट्याचं बीपी यंत्र, स्टेथोस्कोप, थर्मामीटर आणि चार रंगांच्या बादल्या. या एवढ्यावर खूप काही शिकवता येतं. कापूस, हातमोजे, साबण यांच्यासाठी मात्र दर सत्रात मुख्याध्यापकांकडे अर्ज करावा लागतो. आम्हा व्यवसाय शिक्षकांचं मानधन एजन्सीमार्फत येतं आणि कधीकधी महिनोन्‌महिने येत नाही. याचं मला वाईट वाटतं, आणि ते मी बैठकीत बोलतेही.

पहिला महिना मी फक्त नाडी मोजायला शिकवते. अंगठा लावायचा नाही, कारण अंगठ्याला स्वतःचे ठोके असतात. तर्जनी, मधलं आणि अनामिका ही तीन बोटं मनगटावर, अंगठ्याच्या बाजूला, हलक्या दाबाने ठेवायची. पंधरा सेकंद मोजून चारने गुणलं तर काम लवकर होतं, पण मी पूर्ण एक मिनिट मोजायला लावते. मध्येच एखादा ठोका चुकतोय का, हे पंधरा सेकंदांत कळेलच असं नाही. मिनिट संपल्यावर बोटं उचलायची नाहीत. नाडीच मोजतोय असं दाखवत पुढचं मिनिटभर छातीची हालचाल बघून श्वास मोजायचे. ‘आता तुझा श्वास मोजतो’ असं सांगितलं की माणूस वेगळाच श्वास घ्यायला लागतो. ही युक्ती कळली की मुलांचे डोळे चमकतात. माणसाकडे नुसतं नीट बघणं हेसुद्धा एक कौशल्य असतं, हे त्यांना तिथे पहिल्यांदा जाणवतं.

बीपीचा तास त्याहून अवघड. पाच मिनिटं शांत बसवायचं, पाय जमिनीला टेकलेले, पाठ टेकलेली, हात हृदयाच्या पातळीवर. पट्टा सदऱ्याच्या बाहीवर नाही, उघड्या दंडावर. हवा हळूहळू सोडायची. पहिला ठोका ऐकू येतो तो वरचा आकडा, आवाज बंद होतो तो खालचा. गेल्या वर्षी नववीतल्या एका मुलीला कितीतरी वेळ काहीच ऐकू येत नव्हतं. मी स्टेथोस्कोपचं तोंड कोपराच्या खोबणीत जरा आतल्या बाजूला सरकवलं. तिने एकदम मान वर केली आणि हाताने सगळ्या वर्गाला गप्प केलं. काटा उतरत गेला तशी ती नुसते ओठ हलवत आकडे म्हणत राहिली. ‘एकशे दहा, सत्तर,’ असं सांगितल्यावर माझ्याकडे न बघता तिने वहीत लिहूनही टाकलं. मी तपासलं, बरोबर होतं. वर्गात सहसा न बोलणारी ती मुलगी त्यानंतर बाकीच्यांना शिकवायला लागली.

पालकांचा विरोध होतो तो या यंत्रांना नाही, खाटेला होतो. रुग्ण अंथरुणात असतानाच चादर बदलणं, बेडपॅन देणं, तोंड धुणं, कूस बदलणं हे अभ्यासक्रमात आहे. पालकसभेत एक वडील उठून म्हणाले, ‘मॅडम, आमनी पोर लोकेसनं गू-मूत काढी का?’ बाकीचे खाली बघत राहिले, म्हणजे प्रश्न सगळ्यांचाच होता. आपल्याकडे हे काम कोणी करायचं हे जातीने आणि बाईपणाने ठरवून ठेवलं आहे. म्हणूनच मी या पाठाला आधी मुलग्यांना पुढे बोलावते. दहावीतल्या एका मुलाचे आजोबा लकव्याने अंथरुणावर होते. दर दोन तासांनी कूस बदलायची, माकडहाडावर, टाचांवर आणि कोपरांवर लाली दिसते का बघायची, हे तो वर्गात शिकला. घरी बघितलं तर माकडहाडाजवळ लाली होती. त्याने आईला दाखवलं, आरोग्य सेविकेला बोलावून आणलं आणि रात्रीची पाळी स्वतःकडे घेतली. तिथे जखम झालीच नाही. पुढच्या सभेत मी हे सांगितलं तेव्हा त्याचे वडील मागच्या रांगेत उभे होते. त्यांनी मान हलवली, बोलले काही नाहीत.

दरवर्षी मी वर्गाला ग्रामीण रुग्णालयात घेऊन जाते. नुसतं दाखवून आणायचं नाही असा माझा नियम आहे. प्रत्येक मुलाने तिथल्या एका कर्मचाऱ्याला एकच प्रश्न विचारायचा: दहावीनंतर तुम्ही काय केलं? या प्रश्नाने जे कळतं ते कुठल्या तक्त्यात मिळत नाही. लसींच्या खोलीत बर्फाच्या अस्तराचा फ्रीज असतो. त्याचं तापमान दोन ते आठ अंशांत राहिलं पाहिजे आणि सकाळ-संध्याकाळ नोंदलं पाहिजे. ते काम करणाऱ्या ताईंनी बारावीनंतर दोन वर्षांचं एएनएम, म्हणजे सहायक परिचारिकेचं शिक्षण, केलेलं. क्ष-किरण तंत्रज्ञ बारावी सायन्सनंतर शिकलेले. औषधं देणारे दादा डी.फार्म. एकशेआठच्या गाडीचा चालक स्वतःला पायलट म्हणवतो आणि मुलांना ते फार आवडतं. जखमी माणसाला उचलण्याआधी मान कशी धरायची, हे त्याने एका मुलाला स्ट्रेचरवर झोपवून दाखवलं.

प्रयोगशाळेत आम्ही सर्वांत जास्त थांबतो. आमच्या भागात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे. तंत्रज्ञ एका नळीतल्या द्रावणात रक्ताचा थेंब टाकतात आणि नळीमागे रेघा ओढलेला कागद धरतात. रेघा दिसल्या तर ठीक. द्रावण गढूळ होऊन रेघा दिसेनाशा झाल्या तर पुढची तपासणी. मग माणूस नुसता वाहक आहे की रुग्ण, ते त्या तपासणीत ठरतं. २०२३च्या जुलैत सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान सुरू झालं, २०४७पर्यंतचं उद्दिष्ट ठेवून. ते गाठायचं तर अशा नळ्या बघणारे हात या पाड्यांवरूनच आले पाहिजेत, असं मला मनापासून वाटतं. घरची भाषा बोलणाऱ्या तंत्रज्ञाला लोक बोट पुढे करतात. बाहेरून आलेल्याला नुसते ‘उद्या येतो’ म्हणतात.

माझ्या मते या विषयातलं सर्वांत महत्त्वाचं काम प्रमाणपत्र देणं हे नाही. दहावीच्या दुसऱ्या स्तराच्या प्रमाणपत्रावर पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाला कोणी नोकरी देणार नाही आणि देऊही नये. दहावीनंतर कोणत्या वाटेने गेलं की कुठलं दार उघडतं आणि कुठलं कायमचं बंद होतं, हे निकालाच्या आधी कळायला हवं. कला शाखा घेतली तरी एएनएमला जाता येतं. बारावीला इंग्रजी आणि चाळीस टक्के असतील तर जीएनएमलाही. पण बी.एस्सी. नर्सिंगला भौतिक, रसायन, जीवशास्त्र लागतं. प्रयोगशाळा आणि फार्मसीलाही सायन्सच. आमच्याकडे अकरावीला सायन्स म्हणजे तालुक्याचं गाव, रोजची एसटी नाहीतर वसतिगृह. म्हणून मुली मुकाट्याने कला शाखेला जातात आणि दोन वर्षांनी मला विचारतात, ‘मॅडम, आता लॅबचं करता येईल का?’ नाही म्हणताना जड जातं.

त्याहून वाईट अनुभव एका माजी विद्यार्थिनीचा. शहरातल्या एका संस्थेने तिच्याकडून एका वर्षाच्या ‘नर्सिंग कोर्स’ची फी घेतली. वडिलांनी त्यासाठी बैलजोडी विकली होती. प्रमाणपत्र घेऊन ती माझ्याकडे आली, छान रंगीत, सोनेरी किनारीचं. त्यावर कुठेही नर्सिंग परिषदेची मान्यता नव्हती. त्या कागदावर तिची नर्स म्हणून नोंदणी होऊ शकत नाही, हे मला तिच्या वडिलांसमोर सांगावं लागलं. आता एका खाजगी दवाखान्यात ती नर्सचंच काम करते, पगार मात्र मदतनिसाचा. अशा संस्थांच्या पाट्या एसटी स्टँडभोवती उघड्यावर लागलेल्या असतात आणि त्यांना कोणी हात लावत नाही, याचा मला संताप येतो.

म्हणून फेब्रुवारीत, बोर्डाच्या प्रात्यक्षिकाआधी, मी दहावीच्या पालकांना आई-वडील दोघांनीही या असं सांगून बोलावते. भारतीय परिचर्या परिषद आणि महाराष्ट्र परिचर्या परिषद यांची मान्यता कशी तपासायची ते मोबाइलवर प्रत्येकाकडून करून घेते. जातीचा दाखला, रहिवासाचा दाखला, उत्पन्नाचा दाखला आत्ताच काढा, जूनमध्ये सेतू केंद्रावर उभं राहायला जागा नसते, हे बजावते. नर्सिंगच्या प्रवेशाला वयाची सतरा वर्षं पूर्ण लागतात, तेव्हा शाळेच्या दाखल्यावरची जन्मतारीख बघून घ्या, असंही सांगते.

आता आमची मागणी आहे ती हा विषय अकरावी-बारावीलाही असावा अशी. आराखड्यात तिसरा आणि चौथा स्तर आहेत, पण ते आमच्या परिसरातल्या एकाही कनिष्ठ महाविद्यालयात नाहीत. दहावीला बीपी घ्यायला शिकलेली मुलगी पुढची दोन वर्षं स्टेथोस्कोपला हात लावत नाही आणि एएनएमला गेली तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करते. तालुक्याच्या गावी हा विषय सायन्ससोबत सुरू करा, असा प्रस्ताव मुख्याध्यापकांच्या सहीने आम्ही जिल्ह्याला पाठवला आहे. सोबत पालकांच्या सह्या आहेत, काही ठिकाणी अंगठे. ‘आमनी पोर’ म्हणून उठलेल्या वडिलांचीही सही त्यात आहे. त्यांची मुलगी यंदा दहावीला आहे आणि तिला प्रयोगशाळेत जायचं आहे.