शहाण्णव वाट्यांची ताटली

आपल्या छत्रपती संभाजीनगरातल्या बीबी का मकबऱ्यात गेलात की एखाद्या जाळीच्या छिद्राला डोळा लावून बघा. आजूबाजूचं सगळं झाकलं जातं, समोरचं तेवढंच दिसतं. ही गंमत ध्यानात ठेवा आणि चला पुण्याला!

तिथे सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या आवारात राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र आहे. त्यांच्याकडे कॉन्फोकल सूक्ष्मदर्शक आहेत. त्यात जाळीच्या छिद्राची मावसबहीण शोभेल अशी युक्ती असते. लेसरने पेशीतला रंग चमकतो आणि बारीक छिद्रातून नेमक्या एका थराचाच प्रकाश पुढे जातो. वरखालचा धूसर उजेड अडतो. मार्विन मिन्स्की यांनी १९५७ साली या युक्तीच्या पेटंटसाठी अर्ज केला होता.

अशा यंत्रावर एक ताटलीही ठेवता येते. तळहाताएवढी, आईच्या आप्पेपात्रासारखी, पण वाट्या ९६! आठ ओळी, प्रत्येकीत बारा. वाटीवाटीत पेशी, आणि औषधाची मात्रा वेगवेगळी. भिंग बहुधा खालून बघतं, म्हणून तळ पारदर्शक आणि पातळ हवा.

खरी पंचाईत इथेच आहे, बरं का! आपल्याला सपाट वाटणाऱ्या तळात केसाच्या जाडीइतका चढउतार असू शकतो, आणि पेशींचा थर तर त्याहूनही पातळ. म्हणून वाटी बदलली की फोकस पुन्हा जुळवायचा. रेंगाळायचीही सोय नाही, लेसरने रंग फिका पडतो. फोकस चुकला तर जिवंत पेशी दिसतच नाहीत, आणि वाटतं, औषधानेच त्या मेल्या! कर्करोगावरचं औषध शोधताना हे केवढ्याला पडेल? म्हणून काळं चित्र आलेली वाटी पुन्हा तपासतात.