कोबेच्या चढावरचं देरासर



मागे मी बोटीवरच्या खाण्यापिण्याची व्यवस्था लिहिली होती, त्यावर बऱ्याच जणींनी विचारलं की बंदरावर उतरून काय पाहिलं ते सांगा. बाकीच्या बंदरांचं सांगण्यासारखं फार नाही. बस, दुकानं, फोटो. कोबेचं मात्र सांगायचंच होतं, फक्त लिहायला हात उचलत नव्हता.

आधी एक घरातली गोष्ट. माझं माहेर पुण्याचं, गुरुवार पेठेतलं. गोडीजी पार्श्वनाथांचं देरासर हाकेच्या अंतरावर. बीएमसीसीत शिकत असतानाही सकाळी दर्शन केल्याशिवाय मी कॉलेजला गेले नाही. लग्न होऊन राजुरीला आले, आणि सासर निघालं स्थानकवासी. सासूबाई स्वभावाने गोड, पण पहिल्याच आठवड्यात म्हणाल्या, "आपल्या घरात मूर्ती नाही हं, सामायिक आहे." तेवढंच. त्यांनी मला कधी अडवलं नाही, मीही कधी विचारलं नाही. माहेरी गेले की देरासरात जायचे, केशराचा तिलक लावायचे आणि राजुरीची एसटी धरण्याआधी रुमालाने पुसून टाकायचे. असं ४१ वर्षं. तुमच्यातल्या पुष्कळ जणींना हे वेगळं सांगायला नको.

आता कोबे. बोट सकाळी सात वाजता लागली. ग्रुपमधली सगळी मंडळी बसने नाराला गेली. ह्यांच्या दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झालेली, त्यामुळे आम्ही बोटीवरच थांबणार होतो. नाश्ता करताना मी सहज म्हटलं, "इथे एक देरासर आहे म्हणे, महावीरस्वामींचं. १९८५ सालचं, जपानमधलं पहिलं." हे जरा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "मग जाऊन ये की. चारला बोटीवर परत यायचंय, भरपूर वेळ आहे." आणि पुण्याहून आणलेल्या डब्यातले पाच बदाम माझ्या हातावर ठेवले. "रिकाम्या हाताने जातात का?"

परदेशात एकटी पायी निघाले ती ६४ व्या वर्षी पहिल्यांदा. दुकानाची जमाखर्चाची वही आयुष्यभर मी लिहिली, पण गल्ला ओलांडून पुढे मी एकटी गेलेच कुठे? पर्समध्ये उकळलेल्या पाण्याची बाटली, चार खाकरे, बोटीचं कार्ड, आणि कागदावर नातवाने काढून दिलेला नकाशा.

नकाशाची फारशी गरज पडली नाही. कोबे म्हणजे दक्षिणेला समुद्र आणि उत्तरेला रोक्कोचे डोंगर, मधल्या चिंचोळ्या पट्टीत सगळं गाव. तिथले लोकही पत्ता सांगताना 'डोंगराची बाजू', 'समुद्राची बाजू' असंच सांगतात. म्हणजे चढ लागला की आपण देरासराकडे चाललोय, उतार लागला की बोटीकडे. आमच्याकडे शिवनेरी दिसला की जुन्नर कुठे ते कळतं, तसंच.

फ्लॉवर रोड नावाचा रुंद रस्ता धरला. सिग्नल हिरवा झाला की पक्ष्यासारखा आवाज येतो, आंधळ्या माणसाला रस्ता ओलांडता यावा म्हणून. महापालिकेजवळच्या बागेत काचेच्या पेटीत एक ज्योत तेवत होती. ती भूकंपात गेलेल्यांची. १७ जानेवारी १९९५, पहाटे ५ वाजून ४६ मिनिटं, ६,४०० हून जास्त माणसं गेली. मला एकदम आपलं किल्लारी आठवलं. ३० सप्टेंबर १९९३, तीही पहाटच होती. त्यानंतर आपल्या जैन संघटनेने लातूर भागातली सुमारे १२०० मुलं वाघोलीला शिकायला आणली होती, आठवतंय ना? दोन मिनिटं उभी राहिले, नवकार म्हटला. शेजारी एक जपानी आजोबाही हात जोडून उभे होते. आम्ही एकमेकांना वाकून नमस्कार केला, बोलणं काही झालं नाही.

सान्नोमिया स्टेशन ओलांडलं की कितानोचा चढ सुरू होतो. १८६८ साली हे बंदर परदेशी व्यापाराला खुलं झालं, नंतर परदेशी व्यापाऱ्यांनी वर टेकडीवर घरं बांधली, ती अजून जपली आहेत. वाटेजवळच मशीद आहे, १९३५ ची, तीही जपानमधली पहिली. माल जिथे उतरतो तिथे देवही उतरतात, असं मनात आलं. आपल्या जुन्नरचंच बघा, नाणेघाटातून कल्याण बंदराकडे व्यापाराची वाट होती, आणि त्याच मुलुखात किती लेणी!

इथे आपले लोक आले ते मोत्यांच्या व्यापाराला, बहुतेक गुजराती. आता हे लिहू की नको? लिहितेच. शिंपल्यातला जीव बेइंद्रिय. त्याच्या मोत्यावर उभी राहिलेली लक्ष्मी आणि त्यातून देरासर, हे मला पूर्ण पचलं नाही. पण माझ्या लग्नातल्या नथीतही मोतीच आहेत, तेव्हा मी कोणाला बोलणार? सूनबाईंनी माळ आणायला सांगितली होती, ती मात्र आणली नाही. त्यांना कारण सांगितलं, त्या हसल्या.

चढ चांगलाच छातीवर येणारा. दोनदा कठड्याला टेकून पाणी प्यायले. बंदरापासून तिथपर्यंत मला साधारण एका सामायिकाचा वेळ लागला. आणि मग वळणावर, जपानी घरांच्या मधे, पांढरा संगमरवर आणि शिखर दिसलं.

आत एक गुजराती बेन होत्या. "एकटा आव्या?" एवढंच विचारलं. चपला काढल्या, निसीहि म्हटलं आणि पुढे शब्दच फुटेना. तीन खमासमणे गुडघे कुरकुरत दिले. चैत्यवंदन विसरले असेन अशी भीती होती, पण एक ओळ आली तशी बाकीची आपोआप येत गेली. बदाम ठेवले. केशराचा तिलक लावला. रडले, हेही सांगून टाकते.

उतरताना समुद्र सारखा समोर होता. बंदराजवळ लाल टॉवर दिसू लागला तसा हात सवयीने पर्समध्ये गेला आणि रुमाल बाहेर आला. तो कपाळापर्यंत नेलासुद्धा. मग तसाच घडी करून परत ठेवला.

हे डेकवर खुर्ची टाकून वाट बघत होते. माझ्या कपाळाकडे पाहिलं. मी म्हटलं, "आज पुसला नाही."

"आईला माहीत होतं," हे म्हणाले.

"काय?"

"तुझ्या रुमालाला केशराचे डाग असायचे. ते रुमाल आई स्वतः धुवायची, मोलकरणीला देत नसे. बाहेर चर्चा नको म्हणायची."

सासूबाईंना जाऊन आता नऊ वर्षं झाली. बोलायला मला काही सुचेना. ह्यांनी माझ्यासाठी दहीभात झाकून ठेवला होता. तो खाल्ला, बाटलीतलं उरलेलं पाणी प्यायले. सूर्यास्ताला अजून बराच अवकाश होता.